आमच्या घरातली टीम लीड

नागपुरात कुठल्याही लग्नात जेवायला बसा, शेजारचे काका दोन मिनिटांत विचारतात, “मोठी काय करते?” “आयटीत आहे” म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, “पुण्यात की हैदराबादला?” “नाही हो, इथेच. परसोडीच्या आयटी पार्कात.” काकांचा चेहरा जरासा उतरतो. मग आई घाईघाईनं जोडते, “टीम लीड आहे हं आता!” आणि काकांचा चेहरा परत उजळतो. टीम लीड म्हणजे नेमकं काय, हे काकांना माहीत नसतं. आईलाही नसतं. खरं सांगायचं तर दीड वर्षापूर्वी ते ताईलाही माहीत नव्हतं.

मी स्वतः मासकॉमवाली, आणि त्यातही फ्रीलान्सर. म्हणजे माझ्या टीममध्ये मी, माझा लॅपटॉप आणि पेमेंट ‘पुढच्या आठवड्यात’ करणारे तीन-चार संपादक. (साहेब, तुम्ही त्यात नाही!) त्यामुळे बॉसगिरी, अप्रेझल, टीमवर्क या भानगडींपासून मी लांब. पण आमच्या घरात डायनिंग टेबल एकच आहे. त्याच्या एका टोकाला मी लेख लिहिते आणि दुसऱ्या टोकाला ताईचे रात्रीचे अमेरिकन कॉल चालतात. तिनं कितीही हेडफोन लावले तरी तिची बाजू मला ऐकू येतेच. असं दीड वर्ष ऐकून ऐकून मी सॉफ्टवेअरमध्ये नाही, पण सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये पदवी घेतली आहे असं समजा.

हे सगळं आताच लिहायला एक कारण घडलं. मागच्या महिन्यात एका पोर्टलनं मला विचारलं, चार जणांचा डेस्क सांभाळशील का? पैसे बरे होते. पण हो म्हणण्याआधी मला जाणून घ्यायचं होतं की ‘सांभाळायचं’ म्हणजे काय करायचं. गुरू घरातच होता. म्हणून ताईची दीड वर्षं मी पहिल्यांदाच बातमीदाराच्या नजरेनं तपासली.

गाणाऱ्याला तबलजींचा हिशोब

ताईला लीड का केलं? कारण तिचा कोड टीममध्ये सगळ्यात चांगला होता. आयटीतला हा जुना रिवाज. म्हणजे ज्याचा गळा सगळ्यात गोड, त्याचं गाणं थांबवायचं आणि त्याला तबलजी-पेटीवाल्यांचा हिशोब करायला बसवायचं!

पहिले तीन महिने ताईनं तेच केलं जे सगळे हुशार लोक करतात. टीममधले सहा जण आणि ती, असे सात. कुणाचं काम अडलं की ही म्हणायची, “राहू दे, मी करते.” सकाळी दहा ते संध्याकाळी सात मीटिंगा, आणि रात्री कॉल संपल्यावर एक-दोन वाजेपर्यंत दुसऱ्यांचा कोड दुरुस्त करणं. आई ताटावर ताट झाकून ठेवायची. डोळ्यांखाली काळं, चिडचिड, रविवारीही लॅपटॉप. आणि गंमत अशी, की टीम तरीही मागेच! लोक हळूहळू काम अडलं की थांबायलाच लागले, कारण मॅम रात्री करतीलच.

एका रात्री बाबा पाणी प्यायला उठले. ताई टेबलाशीच. बाबांनी विचारलं, “काय करून राहिली?” ती म्हणाली, “एकाचं काम पूर्ण करून राहिले.” बाबा म्हणाले, “मग तो उद्या काय करेल?” आणि झोपायला गेले.

बाबांच्या या प्रश्नाचं उत्तर गूगललाही सहज सापडलं नव्हतं, हे मला नंतर वाचताना कळलं. २००२ मध्ये गूगलनं इंजिनिअर्सवरचे मॅनेजर्सच काढून टाकून पाहिले होते. हुशार पोरं आहेत, त्यांना कशाला हवाय वरचा माणूस? प्रयोग काही महिन्यांत गुंडाळावा लागला, कारण खर्चाच्या मंजुरीपासून आपसातल्या भांडणांपर्यंत सगळे थेट संस्थापक लॅरी पेज यांच्याकडे जायला लागले. मग २००९ मध्ये त्यांनी उलट बाजूनं अभ्यास सुरू केला : चांगला मॅनेजर कशामुळे चांगला ठरतो? आठ गुण निघाले. पहिला होता माणसाला शिकवून पुढे नेणं. आणि स्वतःचं तांत्रिक कौशल्य? आठव्या नंबरावर! म्हणजे ज्या गुणावर ताईला खुर्ची मिळाली, तो त्या खुर्चीवर सगळ्यात शेवटी कामाला येणारा होता. लीडला कोड कळायलाच हवा, नाहीतर टीम त्याचं ऐकत नाही. पण तो सगळा त्यानंच लिहायचा म्हटलं, तर टीम कशाला हवी?

चौसष्ट चिप्स आणि चार तारा

चौथ्या महिन्यात प्रोजेक्ट तीन आठवडे मागे पडला. ताईच्या मॅनेजरनं उदार मनानं सांगितलं, “तीन माणसं अजून देतो. भरून काढ.” आम्हाला वाटलं, वा! ताईनं मात्र नको म्हटलं. आई वैतागली, “लोक माणसं मागतात, तू मिळालेली परत करते? काहून?”

ताईनं पेपर नॅपकिनवर गोळे काढले. सात गोळे, प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडणारी रेघ. एकवीस रेघा झाल्या. मग तीन गोळे वाढवले. दहा गोळ्यांच्या रेघा मोजल्या तर पंचेचाळीस! माणसं दीडपटीपेक्षाही कमी वाढली, पण ‘तुला कळलं का, मला कळलं का’ दुपटीच्या वर गेलं. शिवाय नव्या तिघांना शिकवणार कोण? आधीच मागे पडलेले सात जणच.

हा हिशोब ताईचा नाही. फ्रेडरिक ब्रूक्स नावाच्या माणसानं १९६०च्या दशकात आयबीएममध्ये एका अजस्र सॉफ्टवेअरचं काम सांभाळलं आणि त्यात पोळल्यावर १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिलं. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हा त्याचा नियम आज पन्नास वर्षांनंतरही कॉलेजात शिकवतात आणि ऑफिसात मोडतात. आईला मात्र नियम सांगावा लागला नाही. ती नॅपकिनकडे बघून म्हणाली, “बरोबर आहे. ओट्यापाशी चार जणी उभ्या केल्या म्हणून कुकरची शिट्टी लवकर होत नाही.”

याच गोष्टीची दुसरी बाजू मला आपल्या मातीतल्या माणसाच्या कामात सापडली. डॉ. विजय भटकर हे नाव तुम्ही जनरल नॉलेजमध्ये पाठ केलं असेल. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. इंजिनिअर झाले ते आपल्या नागपूरच्या व्हीआरसीईमधून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, १९६५ मध्ये. १९८०च्या दशकात अमेरिका आपल्याला हवा तो सुपरकॉम्प्युटर द्यायला तयार नव्हती. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि भटकरांच्या नेतृत्वाखालच्या टीमनं १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला.

आता यातला मजेचा भाग पाहा. जगातले महागडे सुपरकॉम्प्युटर तेव्हा मोजक्या पण प्रचंड ताकदीच्या प्रोसेसरवर चालायचे. ‘परम’मध्ये तसा एकही महानायक नव्हता. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे साधेसे चिप्स होते, पण चौसष्ट! एक मोठं गणित तोडायचं, तुकडे वाटायचे, सगळ्यांनी एकाच वेळी सोडवायचे आणि उत्तरं जोडायची. प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायचं म्हटलं असतं तर चौसष्ट चिप्सच्या मिळून २०१६ जोड्या झाल्या असत्या. पण एका ट्रान्सप्युटरला तारा जोडायच्या जागा फक्त चार. त्यामुळे सगळं डोकं लागायचं ते काम असं वाटण्यात, की प्रत्येक चिपला चार शेजाऱ्यांशी बोलून भागेल.

हे मी ताईला वाचून दाखवलं तेव्हा ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, “माझ्या टीममध्ये सगळे सगळ्यांशी बोलतात. आणि कुणालाच काम होत नाही.”

दुसऱ्या आठवड्यात तिनं काम नव्यानं वाटलं. दोघं पेमेंटवर, दोघं कॅटलॉगवर, दोघं टेस्टिंगवर. कुणाचा कुणाशी कशापुरता संबंध येतो, ते एका पानावर लिहून टाकलं. आणि मॅनेजरकडे तीन माणसांऐवजी दुसरंच काहीतरी मागितलं : क्लायंटच्या यादीतल्या दोन गोष्टी पुढच्या रिलीजमध्ये ढकला. खूप घासाघीस झाली. एक ढकलली गेली, एक नाही. प्रोजेक्ट शेवटी आठ दिवस उशिरा गेला. चमत्कार वगैरे झाला नाही, पण तीन आठवड्यांचे आठ दिवस झाले आणि कुणी रात्री एकला जागं नव्हतं.

पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं

बाकीचे बदल ऐकायला फारच किरकोळ आहेत. रोज सकाळचा ‘स्टँड-अप’ असतो ना, त्यात उभं राहून पंधरा मिनिटांत काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं ते सांगायचं असतं. उभं राहायचं ते यासाठी, की पाय दुखले की तोंड आपोआप बंद होतं. ताईच्या टीमचा स्टँड-अप बसून व्हायचा आणि पन्नास मिनिटं चालायचा. प्रत्येक जण मॅमकडे बघून आपण किती बिझी होतो ते सांगायचा. तिनं एकच केलं. पहिले दोन प्रश्न बंद. “फक्त कुठे अडलंय ते बोला. नसेल अडलं तर ‘पुढे’ म्हणा.” मीटिंग बारा मिनिटांवर आली.

दुसरं, दहा ते एक या वेळात कुणालाही मीटिंगला बोलवायचं नाही. कोड लिहिणाऱ्याचं डोकं आईच्या चुलीसारखं असतं, असं ताईचं म्हणणं. पेटायला अर्धा तास लागतो आणि एका “दोन मिनिटं आहेत का?”नं विझतं.

तिसरं मला सगळ्यात आवडलं. आठवड्यातून एकदा प्रत्येकाबरोबर अर्धा तास, तोही ऑफिसच्या बाहेर. तुम्ही नागपूरकर असाल तर आयटी पार्कचा रस्ता संध्याकाळी कसा असतो ते सांगायला नको. खाण्याच्या गाड्या, गळ्यात आयडी कार्डं लटकवलेली पोरं-पोरी, चहाचे ग्लास. ताई एकेकाला घेऊन त्या रस्त्यानं चक्कर मारायची. या अर्ध्या तासात प्रोजेक्टचं नाव काढायचं नाही, असा नियम. शोध काय काय लागले म्हणता! वर्ध्याहून रोज रेल्वेनं येणारी एक मुलगी साडेसहाच्या मीटिंगमुळे गाडी चुकवायची आणि घरी पोचायला दहा वाजायचे. तिनं कधी तक्रार केली नव्हती, कारण तिला वाटायचं नोकरी म्हणजे असंच. मीटिंग साडेचारला आली. एक मुलगा दोन महिने एका कामात हळू होता. कारण? एका सर्व्हरचा पासवर्डच त्याला मिळाला नव्हता आणि दोन महिन्यांनंतर आता विचारायचं कसं, म्हणून तो दुसऱ्याच्या लॉगिनवर चोरून काम करत होता!

तो मुलगा ब्रह्मपुरीचा. दोन वर्षांचा अनुभव. घरी धानाची शेती, धाकट्या बहिणीची नर्सिंगची फी तो भरतो. या लेखाचा खरा हीरो तोच आहे, म्हणून लक्षात ठेवा.

कोराडीचं लॉगबुक

बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून शिफ्ट इंजिनिअर म्हणून रिटायर झाले. आयटीबद्दल त्यांना फारसा आदर नाही. “तुमचं बंद पडलं तर लोकांचा मोबाइल थांबतो, आमचं बंद पडलं तर पंखा थांबतो,” असं ते म्हणतात, आणि मे महिन्यातल्या नागपुरात या वाक्याला उत्तर नसतं. पण कोराडीतली एक गोष्ट ताईनं त्यांच्याकडून उचलली. शिफ्ट बदलताना लॉगबुक लिहायचं असतं. पंपाचं बेअरिंग गरम होतंय, अमका व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आपल्या पाळीत काय बिघडलं आणि आपण काय केलं. येणारा माणूस ते वाचतो, सही करतो, मगच जाणारा घरी जातो. ताईनं विचारलं, “आणि चूक आपलीच असेल तर?” बाबा म्हणाले, “तर आधी ती लिहायची. तू लपवली तर पुढच्या पाळीतला माणूस त्या गरम बेअरिंगपाशी जाऊन उभा राहते ना.”

दुसऱ्या दिवशी ताईनं टीमसाठी एक पान उघडलं. नाव दिलं ‘लॉगबुक’. त्यावर पहिल्या चार नोंदी तिच्या स्वतःच्या होत्या, गेल्या सहा वर्षांतल्या. कुठे चुकीचा टेबल उडवला, कुठे टेस्ट न करता फाइल चढवली. तिसरी नोंद मी वाचली आहे. त्यात तिनं लिहिलं होतं की चूक कळल्यावर तिनं चार तास कुणालाच सांगितलं नाही, आणि मूळ चुकीपेक्षा त्या चार तासांनी जास्त नुकसान केलं.

पहिले दोन महिने पान रिकामंच. इतरांची एकही नोंद नाही. मग एक आली, मग तीन.

आणि मग तो गुरुवार आला.

क्लायंट म्हणजे अमेरिकेतली एक दुकानांची साखळी. आपल्याकडे सकाळी साडेदहाला, म्हणजे तिकडे मध्यरात्र उलटल्यावर, नवं व्हर्जन चढलं. सगळं हिरवं. संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी ताईचा फोन वाजला. ती नेमकी घरी होती, मी समोरच बसले होते. ब्रह्मपुरीचा मुलगा. आवाज इतका बारीक की स्पीकरवर टाकावा लागला.

“मॅम, माह्याकडून गडबड झाली वाटते.”

एका प्रकारच्या कुपनवर सवलत दोनदा लागत होती. तिकडे सकाळचे आठ वाजले होते, दुकानं आणि ऑर्डरी नुकत्याच सुरू होत होत्या. ताईनं फक्त दोन प्रश्न विचारले. “जुनं व्हर्जन परत चढवायला किती वेळ?” आणि “तुझ्यासोबत कुणाला देऊ?” सहा वाजून पंचवीस मिनिटांनी जुनं व्हर्जन परत चालू झालं होतं. क्लायंटचं ऑफिस उघडलं तेव्हा त्यांच्या मेलबॉक्समध्ये ताईची मेल आधीच पडलेली होती : काय झालं, किती ऑर्डरींवर झालं, आता काय स्थिती आहे.

रात्री साडेआठला कॉल. पलीकडून पहिला प्रश्न, हे कुणी केलं? ताईच्या स्क्रीनवर कोपऱ्यात तिच्या मॅनेजरचा मेसेज आला : ‘नाव सांगून टाक.’ मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते, मला तो वाचता आला.

ताई म्हणाली, बदल माझ्या टीमनं केला. तो तपासून पास मी केला. दोन कुपनं एकत्र आली तर काय होईल, ही टेस्ट आमच्या यादीत नव्हती. आज रात्री ती यादीत गेली आहे. आणि ही चूक तुमच्याआधी आमच्याच माणसानं शोधून सांगितली आहे.

पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आवाज आला, ठीक आहे, लेखी पाठवा. शाबासकी नाही, टाळ्या नाहीत. मॅनेजरचा दुसरा मेसेज आला : ‘उद्या बोलू.’

तो अर्धा तास

काही आठवड्यांनी मी त्या मुलाला आयटी पार्कात चहावर भेटले. नाव छापणार नाही या अटीवर तो बोलला. चूक त्याला पाच चाळीसला नाही, पाच दहाला कळली होती. मधला अर्धा तास तो रूमवर लॅपटॉप उघडा ठेवून नुसता बसला होता. हिशोब करत होता. रूमचं भाडं, बहिणीची फी, नोकरी गेली तर गावात काय सांगायचं. गप्प राहिलो तर कदाचित कुणाचा बदल होता हे कळणारही नाही, हाही हिशोब झाला. मग मी विचारलं, “फोन का केला?”

“लॉगबुकमधली मॅमची तिसरी नोंद आठवली,” तो म्हणाला. “चार तासवाली.”

मला वाटतं, लीडचं वर्षभराचं सगळं काम त्या अर्ध्या तासात मोजलं जातं. तिथे लीड हजर नसतो. माणूस एकटा असतो, घाबरलेला असतो, आणि त्याला ठरवायचं असतं की फोन करायचा की नाही. त्या क्षणी त्याला तुमचा कोणता चेहरा आठवतो, तेवढंच.

अमेरिकेतल्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला होता. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी होत असतील, असा त्यांचा अंदाज. आकडे आले उलटे! चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. कोडं सुटलं ते असं, की चुका सगळीकडे होत होत्या, चांगल्या टीममधली माणसं त्या बोलून दाखवत होती. २०१२ मध्ये गूगलनं स्वतःच्या १८० टीम्स तपासायला घेतल्या. कोणती टीम यशस्वी होते? सगळे आयआयटीवाले एकत्र असलेली? एकमेकांचे मित्र असलेली? टीममध्ये कोण आहे यावरून काहीच ठरेना. सगळ्यात वर आली ती एकच गोष्ट, इथे तोंड उघडलं तर आपला पाणउतारा होणार नाही, हा विश्वास. कोराडीच्या लॉगबुकात जे गृहीत होतं, ते शोधायला गूगलला केवढा खटाटोप करावा लागला!

आता कुणी म्हणेल, कोड तर हल्ली मशीनच लिहून देते. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं तेव्हापासून आयटी पार्कातल्या चहाच्या टपरीवर हाच विषय. ताईची टीमही ही टूल्स वापरते. तिचं म्हणणं असं, की कोड भराभर तयार होतो म्हणून तपासणाऱ्याचं काम वाढलं आहे, आणि ‘हा मला नीट कळलेला नाही’ हे कबूल करायची हिंमत आधीपेक्षा जास्त लागते. मशीन लिहून देईल, पण पाच दहाला घाबरून मशीन बसत नाही. पाच चाळीसला फोनही तिला करायचा नसतो.

बिल कुणी भरलं?

इथे गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण तुम्हीही नोकरी करता, तुम्हाला फसवण्यात अर्थ नाही.

‘उद्या बोलू’चं बोलणं झालं. नाव न सांगणं म्हणजे सहकार्य न करणं, असं ताईला ऐकवण्यात आलं. अप्रेझलमध्ये तिचं रेटिंग एक पायरी खाली आलं. पगारवाढ अपेक्षेच्या निम्मी. त्या वर्षी अमेरिकेला जाण्यासाठी तिचं नाव चर्चेत होतं, ते मागे पडलं. कंपनी कुठली ते विचारू नका, आणि अशी कंपनी एकच आहे असंही समजू नका.

ती रडली, चिडली. दोन दिवस कुणाशी बोलली नाही. पुण्यातल्या एका कंपनीचा इंटरव्ह्यूही देऊन आली. मी विचारलं, “परत तसंच झालं तर नाव सांगशील?” ती म्हणाली, “एकदा सांगितलं ना, तर पुढचा फोन येणार नाही. मग रेटिंग चांगलं असेल आणि मला काहीच माहीत नसेल.”

पुण्याला ती गेली नाही. टीमसाठी थांबली असं काही तिनं म्हटलेलं नाही, पैसे पटले नाहीत असंच सांगते. पण मधल्या काळात तिच्या टीममधून एकही जण सोडून गेला नाही, आणि हे त्या ऑफिसात इतकं नवलाचं आहे की एचआरनं ताईला बोलावून कारण विचारलं. तिनं काय सांगितलं? “संध्याकाळी चालायला जाते.” एचआरनं ते लिहून घेतलं म्हणे!

मागच्या डिसेंबरात आम्ही सगळे तीन दिवस पेंचला गेलो. नेमका त्याच आठवड्यात रिलीज. जंगलात रेंज नाही. पहिल्या दिवशी ताई सारखी फोन उंच धरून फिरत होती, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी फोन बॅगेतच राहिला. परतताना मनसरला रेंज आली. मेसेज बघितले. रिलीज गेलं होतं. एक गडबड झाली होती, ती त्यांनी आपसात सोडवली होती आणि लॉगबुकात नोंद होती. नोंद लिहिणारी वर्ध्याची मुलगी, तिला रात्री मदत करणारा ब्रह्मपुरीचा मुलगा. ताईनं ती दोनदा वाचली आणि फोन बाबांकडे दिला. बाबांनी चष्मा लावला, वाचलं आणि म्हणाले, “वेळ लिहिली नाही. वेळ लिहायला सांग.”

असो. माझ्या डेस्कचं काय ठरलं? पोर्टलला मी हो कळवलं. फक्त करारात एक ओळ वाढवून मागितली, की प्रत्येकाबरोबरचा आठवड्याचा अर्धा तास हाही कामाचा वेळ धरायचा. संपादक म्हणाले, “त्यात बातमी काय मिळणार?” मी म्हटलं, बघू. सोमवारपासून चार जण येताहेत. त्यातली एक गोंदियाची आहे, एक अजून कॉलेजात. लॉगबुक उघडून ठेवलं आहे. पहिल्या दोन नोंदी ताईकडून तपासून घेतल्या. तिनं लाल पेन मारलं आणि वर लिहिलं, ‘वेळ?’